बॅटरी सारखी उतरते? दोष बॅटरीचा, डायनेमोचा की रात्री करंट खाणाऱ्या वायरीचा, ते असं शोधा

शुक्रवारी रात्री गाडी सोसायटीच्या पोडियमवर लावायची आणि सोमवारी सकाळी चावी फिरवली की नुसतं टिक-टिक. वॉचमनला धरून धक्का मारायचा किंवा शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावायची. मग बॅटरीवाला येतो, मीटर टेकवतो आणि म्हणतो, "साहेब, बॅटरी गेली." नवी बसते, महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा तीच टिक-टिक सुरू होते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांपासून नेरुळ-खारघरच्या सेक्टरांपर्यंत हे कुठेही घडतं.

बॅटरी उतरण्याची मुख्य कारणं तीन: बॅटरी चार्ज धरत नाही, अल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत अजूनही डायनेमो) ती भरत नाही, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. तिन्हीचं लक्षण एकच, म्हणून अंदाजाने पार्ट बदलणं महागात पडतं. साधा मल्टीमीटर आणि तीन-चार दिवसांची सवड असली की तिन्ही वेगळे करता येतात.

काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. त्यावर १० अँपिअर डीसीचं वेगळं सॉकेट आणि २०० मिलिव्होल्टची रेंज असली पाहिजे. सोबत १० आणि १२ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा, दोन मगर-क्लिपा आणि प्लास्टिकचा फ्यूज पुलर. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी करंट मोजतो का ते आधी बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, गाडीच्या कामाला ते निरुपयोगी.

हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना प्लसवरून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि मध्ये अंगठी असेल तर ती लाल होते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जवळ काडी पेटवायची नाही. टर्मिनल सोडताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस.

मीटर हातात घेण्याआधी डोळ्यांनी

बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. खाडीच्या काठाने, म्हणजे वाशी, ऐरोली, कोपरी, बाळकुम या पट्ट्यात, हवा खारट आणि दमट. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी लवकर चढते. ती दिसते तरी. न दिसणारा प्रकार जास्त फसवतो: क्लॅम्प वरून चकाचक असतो, पण काढून त्याच्या कड्याच्या आत बघितलं तर शिशावर काळपट, मंद थर चढलेला असतो. या थरातून स्टिरिओ, काचा, दिवे सगळं चालतं, सेल्फ (स्टार्टर) मारला की मात्र गाडी मुकी होते. क्लॅम्प हाताने पिळून बघा. पान्याशिवाय जराही फिरला तर तो ढिला आहे.

कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, फेस थांबेपर्यंत थांबा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोडा सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि कड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, क्लॅम्प घट्ट करा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवू नका.

तिथून मायनसची केबल धरत बॉडीपर्यंत आणि इंजिनपर्यंत जा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची विणलेली पट्टी दोन पावसाळ्यांत गंजते, नट घट्ट असतो पण खाली गंज असतो. पट्टा बघा: कडेने उसवलेला, चिरा पडलेला, तेलाने माखलेला, किंवा पावसात गाडी सुरू करताच किंचाळणारा पट्टा अल्टरनेटर पूर्ण फिरवत नाही.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवासुद्धा बोलतो. इग्निशन ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. जुन्या वायरिंगच्या गाड्यांत या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट जातो, त्यामुळे ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब किंवा ती बारीक वायर तपासा. इंजिन चालू असताना दिवा मंद धुगधुगत असेल तर अल्टरनेटरमधल्या, एसीचा डीसी करणाऱ्या डायोडवर संशय घ्या.

किती दिवसांत उतरते, यावरून चोराचा आकार

कुठलाही पाना फिरवण्याआधी हा हिशोब करा. छोट्या गाड्यांत ३५ ते ४५ अँपिअर-अवरची (अँपिअर गुणिले तास) बॅटरी असते. ४५ ची बॅटरी दोन-तीन वर्षं वापरलेली असेल तर तिच्यातून वीस-बावीस अँपिअर-अवर निघून गेले की सेल्फ ओढेनासा होतो. आता भागाकार करा:

- एका रात्रीत, म्हणजे दहा तासांत उतरते: गळती २ अँपिअरच्या वर. इतका करंट पार्किंग लाइट चालू राहिल्यावर जातो. डिकीतला ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअरच खातो, तो एका रात्रीत चांगली बॅटरी पाडू शकत नाही.
- तीन दिवसांत: साधारण ३०० मिलीअँपिअर. चुकीचा जोडलेला स्टिरिओ, डॅशकॅम, अडकलेला रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), गळका डायोड, डिकीतला बल्ब.
- आठवड्यात: १३०-१५० मिलीअँपिअर.
- तीन आठवड्यांत: ४५ मिलीअँपिअरच्या आसपास. यात दोष काहीच नाही. घड्याळ, रिमोट लॉक, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी मिळून आधुनिक गाडी २० ते ५० मिलीअँपिअर घेतेच.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. गावी तीन आठवडे जाऊन आल्यावर गाडी सुरू झाली नाही, म्हणून वायरिंग उकलत बसणाऱ्याला त्यात काही सापडणार नाही. निघताना मायनस सोडून गेलात की झालं.

पहिली पायरी: बॅटरी चार्ज धरते का?

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट ठेवायचा, म्हणजे ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ ते ५ अँपिअर. पूर्ण उतरलेली असेल तर दहा-बारा तास लागतात. "एक्स्प्रेसवेवर चक्कर मारून आणतो, भरेल" हा उपाय अर्धामुर्धा आहे. एका तासाच्या ड्राइव्हमध्ये रिकामी बॅटरी पूर्ण भरत नाही आणि तेवढा वेळ अल्टरनेटर मात्र पूर्ण ताकदीने तापत राहतो. पोडियमवर किंवा स्टॅक पार्किंगमध्ये प्लग नसतो, तेव्हा बॅटरी काढून घरी न्या, गॅलरीत ठेवा, स्वयंपाकघरात नको.

भरल्यावर तीन-चार तास तशीच ठेवा. चार्जर काढताच दिसणारे १३ व्होल्ट वरवरचे असतात. घाई असेल तर बॅटरी गाडीत लावून हेडलाइट दोन मिनिटं जाळा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग मोजा.

१२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव. ११.८ म्हणजे रिकामी. रात्रभर चार्जरवर ठेवूनही १०.५ च्या आसपासच अडकली तर एक सेल मेलेला आहे, पुढचं वाचायची गरज नाही, बॅटरी बदला.

आता मायनस सोडलेला ठेवून दोन दिवस गाडी उभी करा आणि पुन्हा मोजा. ०.०५ व्होल्ट इकडेतिकडे झालं तर बॅटरी ठीक. १२.६५ वरून १२.३ वर आली तर बॅटरी आतल्या आत उतरतेय. एका रात्रीवर निकाल देऊ नका. ३०० मिलीअँपिअरची गळती असली तरी रात्रीत ३ अँपिअर-अवरच जातात, व्होल्टेज जेमतेम ०.०७ ने पडतं आणि तेवढा फरक तापमानानेही होतो.

दुसरी परीक्षा सेल्फची. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या पोस्टवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आपल्याकडच्या उकाड्यात चांगली बॅटरी १० व्होल्टच्या वर राहते. पूर्ण भरलेली असून ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी थकलीय, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय. दुकानातल्या लोड टेस्टरवर हे लगेच वेगळं होतं. उलट, पोस्टवर ११ व्होल्ट आणि तरी सेल्फ संथ, तर केबल किंवा अर्थ खराब.

पाणी घालायच्या बॅटरीत झाकणं उघडून पातळी बघा. प्लेटच्या वर साधारण १० मिलिमीटर पाणी हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, एसीच्या नळीतून टपकणारं तर मुळीच नको. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. पाच १.२५ च्या घरात आणि एक १.१८ वर, तर तो सेल बॅटरीला घेऊन बुडणार. सगळ्याच सेलचं पाणी पटापट आटत असेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा रेग्युलेटर जास्त चार्ज करतोय.

दुसरी पायरी: अल्टरनेटर भरतो का?

बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच हे मोजा. रिकाम्या बॅटरीवर व्होल्टेज कमी दिसतं आणि भला अल्टरनेटर विनाकारण बदलला जातो.

इंजिन सुरू, सगळं बंद, हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन पंधराशे-दोन हजार आरपीएम. बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. मे महिन्यात बोनेटखाली भट्टी झालेली असताना १३.६ दिसले तर घाबरू नका, रेग्युलेटर उष्णतेत व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. १५ च्या वर सतत राहिलं तर रेग्युलेटर (जुन्या मेकॅनिकांचा कटआउट) गेला. १२.६ वरून हललंच नाही तर चार्जिंगच नाही.

आता भार टाका: हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल्ल, मागच्या काचेचा डिफॉगर चालू. १३.५ च्या खाली जायला नको. आयडलवर थोडं खाली गेलं तर चालतं, पण १३ च्या खाली नको. भाराविना १४.२ आणि भाराखाली १२.४, हे घसरलेल्या पट्ट्याचं, झिजलेल्या ब्रशचं किंवा एक-दोन डायोड गेल्याचं लक्षण.

नव्या गाड्यांत, विशेषतः स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) आणि माइल्ड हायब्रिडमध्ये, व्होल्टेज ईसीयू ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो १२.८ वरसुद्धा आणतो आणि ब्रेक मारताना १४.८ वर नेतो. एका आकड्यावरून अशा गाडीचा निकाल लावू नका. सगळे लाइट लावा, दहा मिनिटं चालवा, बदल बघा. या गाड्यांत मायनस क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो. चार्जरचा काळा चिमटा पोस्टवर न लावता बॉडीला लावा, नाहीतर किती करंट आत गेला हे सेन्सरला कळत नाही.

व्होल्टेज कमी आलं तरी अल्टरनेटर उतरवायची घाई नको, त्याआधी रस्ता तपासा. इंजिन चालू, लाइट-ब्लोअर चालू. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लस पोस्टवर. फरक ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर केबल, मधला मोठा फ्यूज किंवा त्याचा नट खराब. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी मायनस पोस्टवर. इथे ०.२ च्या वर नको. अर्थची पट्टी घासून घट्ट केल्यावर १३.१ चे १४.१ होतात. पट्ट्याजवळ पिना-वायरी लोंबकळू देऊ नका, ओढणी-टायसुद्धा लांब.

डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर टाका, इंजिन आणि लाइट चालू ठेवा. ०.१ च्या खाली उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड प्लेट गेली. पण त्याआधी मीटरचीच परीक्षा घ्या: इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी रेंजमध्ये शून्याजवळ आकडा यायला हवा, पिना उलटसुलट करूनही. काही स्वस्त मीटर इथे चक्क पंचवीस-सत्तावीस दाखवतात. तसला मीटर या कामाचा नाही.

अल्टरनेटर खराब निघाला तरी पूर्ण नवा घ्यायलाच हवा असं नाही. ब्रश, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग सुटे मिळतात आणि ऑटो इलेक्ट्रिकची जुनी दुकानं ते बसवून देतात. ब्रश ५ मिलिमीटरच्या आसपास झिजले असतील तर बदला. ब्रश ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर खोल चर पडला असेल तर मात्र नुसत्या ब्रशने काम भागत नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून "डायनेमो चालतो का बघू" ही जुनी चाचणी कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

तिसरी पायरी: रात्री करंट खातं कोण?

बॅटरी धरते, अल्टरनेटर भरतो, तरी तीन दिवसांत गाडी मुकी. इथे घाई करणारा हमखास चुकतो, कारण गाडी लगेच झोपत नाही. दार बंद केल्यावर तिचे कंट्रोलर (आतले छोटे कॉम्प्युटर) वीस ते चाळीस मिनिटं जागे असतात आणि तोवर करंट काही अँपिअर दिसू शकतो.

१. बोनेट उघडा. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा, पण त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरने फिरवून लॉक करा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. बोनेटला सेन्सर असेल तर त्याचंही तेच. असं केलं की फ्यूज बॉक्सपर्यंत जाताना पुन्हा दार उघडावं लागत नाही.

२. बिनचावीची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवा. खिशात ठेवला तर गाडी त्याला ओळखून जागीच राहते.

३. लाल वायर मीटरच्या १० अँपिअर सॉकेटमध्ये, रेंज १० अँपिअर डीसी. मायनस क्लॅम्प ढिला करा, काढू नका. लाल मगर-क्लिप मायनसच्या केबलला, काळी मायनस पोस्टला. आता क्लॅम्प हळूच वर उचला. करंट क्षणभरही तुटला नाही तर कंट्रोलर दचकून जागे होत नाहीत आणि गळतीचं मूळ रूप तसंच राहतं.

४. गाडी लॉक करा आणि चाळीस मिनिटं हात लावू नका.

५. या काळात इग्निशन ऑन करायचं नाही, सेल्फ तर चुकूनही नाही. मीटरचा फ्यूज जाईल, नशीब वाईट असेल तर मीटरही.

आकडा ०.०५ च्या खाली (५० मिलीअँपिअर) आला तर गळती नाही. ०.२, ०.३, ०.८ वर थांबला तर चोर आत आहे. दर काही मिनिटांनी आकडा वर जाऊन खाली येत असेल तर एखादा कंट्रोलर वारंवार जागा होतोय. दाराचा किंवा डिकीचा लॅच-स्विच आणि बाहेरून बसवलेलं ट्रॅकिंग यंत्र आधी बघा.

एकेक फ्यूज उपटून बघायची पद्धत जुन्या गाड्यांना चालते. नव्या गाड्यांत फ्यूज काढला-लावला की कंट्रोलर पुन्हा जागा होतो आणि चाळीस मिनिटांची तपश्चर्या वाया जाते. त्याऐवजी फ्यूज न काढता मोजा. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. क्लॅम्प पोस्टवर परत बसवून मीटर मोकळा करा, लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये टाका, गाडी पुन्हा झोपू द्या. मग २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर दोन्ही पिना त्या ठिपक्यांवर टेकवा. करंट वाहत नसेल तर ०.०. वाहत असेल तर आकडा दिसतो: १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलीअँपिअर, २० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ३०० मिलीअँपिअर. बोनेटखालचा आणि डॅशबोर्डखालचा, दोन्ही बॉक्स तपासा. फ्यूज सापडला की झाकणावरचा तक्ता वाचून त्यावर काय काय चालतं ते बघा आणि एकेक जोडणी काढत जा.

एकाही फ्यूजवर काही दिसलं नाही, तरी गळती आहे? मग अल्टरनेटरकडे या. त्याची जाड केबल फ्यूज बॉक्समधल्या छोट्या फ्यूजमधून जात नाही. मायनस सोडा, अल्टरनेटरच्या मागचा नट काढून केबल बाजूला घ्या, टोकाला टेप गुंडाळा, मीटर पुन्हा आधीसारखा मायनसमध्ये लावा आणि गाडी झोपेपर्यंत थांबा. गळती नाहीशी झाली तर डायोड उलट्या दिशेने करंट सोडतोय. असा अल्टरनेटर दिवसा भरतो आणि रात्री रिकामी करतो, म्हणून चार्जिंगच्या चाचणीत तो पासही होऊ शकतो.

नेहमीचे चोर

सगळ्यात आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू. स्टिरिओच्या जोडणीत पिवळी वायर कायमच्या प्लसची, मेमरीसाठी, आणि लाल वायर चावीने चालू होणाऱ्या प्लसची. घाईतल्या फिटरने दोन्ही एकत्र पिळलेल्या असतात, म्हणजे चावी काढली तरी सेटला गाडी चालूच वाटते. बटणाने स्क्रीन काळी होते, पण आतला प्रोसेसर चालू राहतो. सेट ओढून मागे बघा: उन्हाने चिघळलेली, हाताला चिकटणारी काळी टेप दिसली की तिथेच थांबा. लाल वायर सोडवून चावीच्या लाइनवर घ्या.

डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर त्याच्या वायरिंग किटमधलं कटऑफ व्होल्टेज बघा. ११.८ वर असेल तर १२.४ वर न्या. ओबीडी सॉकेटमध्ये (डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायची जागा) खुपसलेली यंत्रं गाडीला झोपू देत नाहीत, काढून ठेवा. टॅक्सीवर बसवलेलं ट्रॅकिंग यंत्र मात्र प्रवासी वाहनांना बंधनकारक आहे, ते उपटू नका, फिटरकडून त्याची जोडणी आणि झोप तपासून घ्या. फास्टॅगवर संशय घेणारेही भेटतात. तो नुसता काचेवरचा स्टिकर आहे, गाडीच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे बऱ्याच गाड्या सीएनजीवर. बाहेरून बसवलेल्या किटचा ईसीयू थेट बॅटरीवरून प्लस घेतो आणि त्याचा फ्यूज होल्डर बहुधा बॅटरीजवळच लोंबकळत असतो. पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. गळती मोजताना हा फ्यूजही धरा, तो कंपनीच्या तक्त्यात नसतो. रिले चिकटला असेल तर हाताला कळतो: तासभर उभ्या गाडीत बाकी रिले गार आणि एक कोमट. रिलेची कॉइल एकटीच दीडशे मिलीअँपिअर घेते.

जुलै-ऑगस्टमध्ये अचानक सुरू झालेली गळती पाण्यामुळे असू शकते. पुढच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराची पानं अडकतात, पाणी वाहून जायची वाट बंद होते आणि ते आत उतरतं. पायाखालचा गालिचा दाबून बघा. ओला लागला तर डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे झाले आहेत का ते पाहा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तितक्याच. पोडियमच्या कचराकुंडीजवळ लावलेल्या गाडीत इंजिनवर लेंड्या दिसल्या की वायरिंग हाताने चाचपून घ्या.

सगळं ठीक असूनही उतरते

मग वापर बघा. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या क्षमतेच्या तिसरा हिस्सा ते निम्माच करंट देतो. पावसाळी संध्याकाळी कापूरबावडी ते गायमुख रखडताना हेडलाइटचे ९ अँपिअर, ब्लोअरचे १० ते १५, रेडिएटरच्या पंख्याचे आणखी तितकेच, वर वायपर आणि डिफॉगर. बॅटरीत भर पडायला फारसं उरत नाही. घर ते स्टेशन दोन किलोमीटर आणि परत, एवढाच वापर असेल तर पंधरवड्यातून एकदा चार्जर लावा, किंवा आठवड्यातून एकदा वाशी ते बेलापूर पाम बीच रोडने एसी बंद ठेवून सलग जाऊन या.

सीएनजीच्या रांगेत लोक वारंवार सेल्फ मारण्याला दोष देतात. खरं तर एका सेल्फमध्ये, १५० अँपिअर एक सेकंद धरले तरी, ०.०४ अँपिअर-अवर जातात. वीस वेळा मारला तरी एक अँपिअर-अवरही नाही. खातं ते मधल्या वेळात इंजिन बंद ठेवून चालवलेलं ब्लोअर-स्टिरिओ: अर्ध्या तासात पाच-सहा अँपिअर-अवर. रांगेत काचा खाली करा.

वाटेत लाल दिवा लागला तर

आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर असतात. पट्टा तुटला असेल तर पाच-दहा मिनिटांत इंजिन तापतं, तेव्हा कडेला घेऊन बंदच करा. तापमान ठीक असेल तर इंजिन बंद करू नका, एसी, ब्लोअर, स्टिरिओ, फोनचं चार्जिंग बंद करा. रात्री पावसात हेडलाइट-वायपर चालू ठेवून चांगल्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास धरा. व्होल्टेज पडत गेलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं. तसं जाणवलं की सायन-पनवेल हायवेच्या मधल्या लेनमध्ये अडकण्याआधी सर्व्हिस रोडला उतरा.

केबल लावून सुरू करायची झाली तर क्रम असा: लाल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट.

बॅटरी घ्यायचीच ठरली तर

गळती बंद झाल्यावरच घ्या. क्षमता आणि प्लस-मायनसची बाजू जुनीसारखीच ठेवा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत कंपनीने ईएफबी किंवा एजीएम ही खास जातीची बॅटरी दिली असेल तर त्याच जातीची घ्या, साधी बॅटरी त्या गाडीत लवकर निकामी होते. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. काचांचं ऑटो बटण चाललं नाही तर काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत तेवढ्याने जमतं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता त्याच दुकानात द्या, बिलात तिची किंमत वजा होते आणि शिसं योग्य ठिकाणी जातं. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या, आणि पैसे देण्याआधी नव्या बॅटरीवर आपला मीटर टेकवा. १२.५ च्या खाली दिसली तर ती रॅकवर पडून उतरलेली आहे, दुसरी काढायला सांगा.